अठ्ठ्याण्णव टक्के आणि हातच्याची वजाबाकी

दहावी-बारावीचे निकाल लागले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वृत्तपत्रांना मथळा शोधावा लागत नाही. ‘कोकण पुन्हा अव्वल’ हा गेल्या वर्षीचाच मथळा तारीख बदलून छापला तरी चालतो. पूर्वी हे दोन जिल्हे कोल्हापूर विभागात मोडत. कोकण विभागीय मंडळाचा स्वतंत्र निकाल २०१२ पासून लागू लागला, आणि राज्यातला पहिला क्रमांक बहुधा कोकणचाच असतो हे आता गृहीतच धरले जाते. २०२५ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, कोकणचा ९८.८२. बारावीत राज्य ९१.८८ वर आणि कोकण ९६.७४ वर. अशा दिवसांत देवरूखसारख्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेत अभिनंदनाचे फलक लागतात, शाळांच्या शंभर टक्के निकालाची परंपरा कायम राहिल्याचे जाहीर होते, पेढे वाटले जातात. हा अभिमान खोटा नाही. प्रश्न वेगळाच आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर पाचवीत शिकणाऱ्या मुलीला काय येते, काय येत नाही आणि उद्या सकाळी तिला काय शिकवायचे, हे या आकड्यांच्या जोरावर तिच्या शिक्षकाला, आईला किंवा देवरूखच्या पंचायत समितीत बसणाऱ्या गटशिक्षणाधिकाऱ्याला किती कळते? माझ्या मते फारच थोडे. आणि याचे कारण परीक्षा वाईट आहे हे नव्हे. निवाडा करणे आणि शिकायला मदत करणे ही दोन निरनिराळी कामे आपण एकाच आकड्याच्या गळ्यात बांधली आहेत, आणि त्यात दुसऱ्या कामाचा बळी जातो.

निकालाचा टक्का कशाने हलतो, याचा एक पुरावा महाराष्ट्राने स्वतःच नकळत तयार करून ठेवला आहे. २०१८ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी तो एकदम ७७.१० वर आला. २०२० मध्ये ९५.३० वर उडाला आणि २०२१ मध्ये ९९.९५ वर पोचला. आता चार वर्षांत महाराष्ट्रातली मुले आधी बारा टक्क्यांनी मठ्ठ झाली आणि मग तेवीस टक्क्यांनी हुशार झाली, असे कोणीच म्हणणार नाही. घडले ते असे : २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातातले वीस अंतर्गत गुण काढून घेतले होते. शाळा ते सढळ हाताने वाटतात, ही तक्रार जुनीच होती. शिवाय त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे घसरणीचे सगळे खापर एकट्या वीस गुणांवर फोडता येणार नाही. पण निकाल कोसळताच ओरड झाली. केंद्रीय मंडळांच्या मुलांना शाळेचे गुण मिळतात, मग अकरावीच्या प्रवेशात आमच्याच मुलांनी मागे का राहायचे, हा पालकांचा सवाल बिनतोड होता. सरकारने दोन-तीन महिन्यांत ते गुण परत दिले आणि पुढच्या वर्षी निकाल पूर्वीच्याही वर गेला. हिशेब अगदी साधा आहे. लेखी ऐंशी आणि अंतर्गत वीस मिळून पस्तीसला उत्तीर्ण. शाळेने वीसपैकी अठरा दिले, तर लेखी पेपरात ऐंशीपैकी सतरा गुण पुरतात.

२०२१ चा निकाल तर परीक्षेविनाच लागला. करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि शंभर गुणांची वाटणी अशी ठरली : नववीच्या निकालावर पन्नास, दहावीच्या वर्षभरातल्या अंतर्गत मूल्यमापनावर तीस आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिके यांवर वीस. कोकण विभागाचा निकाल त्या वर्षी शंभर टक्के लागला. त्या अवघड वर्षात दुसरा मार्ग सोपा नव्हता, तेव्हा शाळांना दोष देण्यात अर्थ नाही. पण हा निकाल जाहीर करणाऱ्या सरकारनेच अकरावीच्या प्रवेशासाठी वेगळी सामाईक परीक्षा जाहीर केली होती, हे विसरू नये. ती मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केली, तो भाग निराळा. ती परीक्षा जाहीर करणे ही आपणच दिलेल्या गुणांवर आपलाच भरवसा नसल्याची कबुली होती. बारावीच्या गुणांचेही आता तेच झाले आहे. देवरूखजवळच्या आंबवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश हवा असेल, तर पात्रतेपुरते बारावीचे गुण लागतात. यादीत नाव कुठे लागणार हे प्रवेश परीक्षेतल्या गुणांवर ठरते.

मग कोकणचा पहिला नंबर हा निव्वळ आकड्यांचा खेळ समजायचा का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि पुरावाही तसे सांगत नाही. २०१९ मध्ये कोकणचा निकालही ९६ वरून ८८.३८ वर घसरला, पण क्रमांक पहिलाच राहिला; त्या वर्षी शेवटच्या नागपूर विभागाचा निकाल ६७.२७ टक्के होता. पाण्याची पातळी सगळीकडे उतरली तरी खडक आपल्या जागी राहिला, म्हणजे खडक खरा आहे. विभाग लहान आहे. राज्यात साडेपंधरा लाख मुले दहावीला बसतात, त्यांत कोकणची तिसाव्या हिश्शाहूनही कमी. गावागावांतून संस्थांनी चालवलेल्या माध्यमिक शाळांची परंपरा जुनी आहे, आणि मुलाने शिकून बाहेर पडावे ही घराघरातली आस मुंबईच्या गिरण्यांच्या काळापासूनची. निकालाची तुलना इतके सांगू शकते. ती हे सांगू शकत नाही, की उत्तीर्ण झालेल्या अठ्ठ्याण्णवांपैकी किती जणांना बातमी वाचून तिचा अर्थ सांगता येतो किंवा कर्जाच्या व्याजाचा हिशेब करता येतो. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीने २०२३ मध्ये देशातल्या अठ्ठावीस ग्रामीण जिल्ह्यांत चौदा ते अठरा वयाच्या मुलांना हेच विचारले. साधारण चौथ्या हिश्शाला दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सरळ वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्यांनाही जमले नाही. हे आकडे कोकणचे नाहीत आणि ते कोकणवर चिकटवूही नयेत. पण या वयाची बहुतेक मुले शाळा-कॉलेजात नाव असलेली, वर्षानुवर्षे वरच्या वर्गात गेलेली असतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे प्रगतिपत्रक आणि प्रगती यांच्यातले अंतर दिसते.

हे अंतर पडते कुठे, ते पाहायला एक गणित पुरे. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे आहेत. मूल उत्तर लिहिते पस्तीस. पेपर तपासणारा फुली मारतो, गुण शून्य. शेजारचे मूल लिहिते एकोणऐंशी, त्यालाही शून्य. तिसऱ्याने काहीच लिहिलेले नाही, तेही शून्यच. गुणपत्रिकेत तिघे सारखे. पण ज्याने पस्तीस लिहिले, त्याने दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन काढले, मग पाचातून दोन. म्हणजे त्याला एक अंकी वजाबाकी उत्तम येते, दशक सुटा करून हातचा घेण्याची कल्पना मात्र पोचलेली नाही. एकोणऐंशीवाल्याने चक्क बेरीज केली आहे, आणि ती बिनचूक केली आहे. त्याला चिन्ह कळले नाही किंवा त्याने पाहिलेच नाही. तिसऱ्याला कदाचित संख्याच वाचता आली नसेल, कदाचित पेन्सिलीला टोक नसेल. पहिल्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायला हवेत, दुसऱ्याला गणित मोठ्याने वाचायला लावले की काम झाले, तिसऱ्याजवळ पाच मिनिटे बसावे लागेल. तिन्ही उपाय निराळे आणि तिन्ही आजच्या आज करण्याजोगे. शून्य हा आकडा यांतला एकही उपाय सुचवत नाही. उलट तीन निरनिराळ्या अडचणी तो एकाच रकान्यात झाकून टाकतो.

चुकीत दडलेली ही माहिती वापरली तर फरक पडतो का, याचेही पुरावे आहेत, आणि त्यांतला एक मुंबईचा आहे. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ हा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुले आधी हेरायची, आणि वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या तरुणीने रोज दोनेक तास त्यांना जे येत नाही तिथपासून शिकवायचे. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची शिस्तीत तपासणी केली. या मुलांचे वाचन-गणित सुधारले, आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. दुसरा पुरावा इस्रायलमधला. रूथ बटलर या अभ्यासिकेने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे तीन गट होते. एका गटाला वहीवर फक्त गुण मिळाले, दुसऱ्याला फक्त शेरा, म्हणजे काय चांगले आणि काय सुधारायचे, आणि तिसऱ्याला दोन्ही. सुधारणा दिसली ती फक्त शेरेवाल्यांत. दोन्ही मिळालेल्यांचा शेराही वाया गेला. का, हे कोणत्याही पालकाला उमजेल. गुण दिसले की मूल शेजाऱ्याचे गुण विचारते, आणि शेरा वाचायचा राहूनच जातो.

हे सगळे आपल्या कायद्याला माहीत नव्हते असे नाही. शिक्षणहक्क कायद्याने २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक केले, आणि महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने त्याची सविस्तर मांडणी केली. वर्षभर चालणारे ‘आकारिक’ आणि सत्राच्या शेवटचे ‘संकलित’, असे त्याचे दोन भाग. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने ठरली. पहिली-दुसरीला आकारिकाचा वाटा सत्तर टक्के, आणि तो कमी होत सातवी-आठवीला चाळीस. मूल जितके लहान तितकी परीक्षा कमी आणि निरीक्षण जास्त, हा क्रम अगदी शहाणपणाचा होता. कागदावर तरी देशातल्या चांगल्या आराखड्यांत त्याची गणना व्हावी. पण दहा-बारा वर्षांत त्याचे जे झाले ते वर्णनात्मक नोंदींच्या वहीत पाहायला मिळते : ‘अक्षर वळणदार काढतो’, ‘गटकार्यात सहभाग घेते’, ‘प्रश्नांची उत्तरे आत्मविश्वासाने देतो’. या नोंदी विषयवार छापलेल्या पुस्तिका बाजारात मिळू लागल्या, मग त्यांच्या फाइली मोबाइलवर फिरू लागल्या. मुलाचे नाव बदलले तरी नोंद तीच. मुलाला पाहून लिहायची गोष्ट मुलाकडे न पाहता लिहिता येऊ लागली, तिथे ती संपली.

शिक्षकांना कामचुकार ठरवून हा विषय मिटवणे सोपे आहे आणि चूकही. ती वही कोणासाठी लिहिली जात होती, ते बघा. केंद्रप्रमुख आले की वही पुढे करायची, तपासणीत रकाने भरलेले दिसले पाहिजेत. ‘दशक सुटा करून घेणे जमत नाही, पुन्हा घेतले, अजून अडखळते’ अशी खरी नोंद केली, तर ‘मग तुम्ही काय केलेत?’ हा प्रश्न शिक्षकावरच येणार. तेव्हा माणूस गुळगुळीत लिहितो. २०१५ पासून ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमात पायाभूत चाचण्या सुरू झाल्या, त्यांचाही उद्देश मूल कुठे आहे ते कळावे हाच होता. पण त्याच दमात शाळा ‘प्रगत’ म्हणून घोषित होऊ लागल्या, तालुक्यात किती शाळा प्रगत झाल्या याचे आकडे मागवले जाऊ लागले, आणि चाचणीचे टोक मुलाकडून शाळेकडे वळले. हा रोग जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांना अनुदान मिळे ते साहेबाने वर्षातून एकदा येऊन घेतलेल्या लेखन-वाचन-गणिताच्या परीक्षेवर, आणि मुंबई इलाख्यातही निकालाप्रमाणे अनुदान ही पद्धत आली. तिकडे शाळांनी वाचनाचे पुस्तक मुलांकडून पाठच करून घ्यायला सुरुवात केली. स्वतः शाळा तपासनीस असलेला कवी मॅथ्यू अर्नॉल्ड वर्षानुवर्षे तक्रार करत राहिला, की या पद्धतीने निकाल वाढतो आणि शिक्षण आटते. इंग्लंडने १८९० च्या दशकात ती सोडून दिली. आपण ती नव्या नावांनी पुन्हा पुन्हा आणतो.

इथे पहिला आक्षेप हमखास येतो : परीक्षेची भीती गेली म्हणून तर मुले अभ्यास करेनाशी झाली, आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणाने वाटोळे झाले. राज्याने हा आक्षेप मान्य करून २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली आहे. अनुत्तीर्ण झालेल्याला जादा मार्गदर्शन, फेरपरीक्षा आणि तीही हुकली तर पुन्हा तोच वर्ग. भीतीने काही मुले अभ्यासाला बसतात, हे नाकारायचे कारण नाही. पण ज्याची हातच्याची वजाबाकी तिसरीत हुकली, त्याला त्याची बातमी पाचवीच्या एप्रिलमध्ये देऊन काय साधते? मधली दोन वर्षे भागाकार, अपूर्णांक सगळे त्या पोकळ पायरीवर रचले गेलेले असते. फेरपरीक्षेपर्यंतच्या सुट्टीत ते सगळे उकलून पुन्हा रचणे अशक्यप्राय. आणि तोच वर्ग पुन्हा केला, तर पाचवीच्या वर्गात पाचवीचेच शिकवणार, अडचण आहे तिसरीतली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मला बराचसा मान्य आहे. शिक्षकाच्या हाती मूल्यमापन द्याल तर ओळखीपाळखी, जात, आडनाव, घरची परिस्थिती हे सगळे त्यात शिरेल. बाहेरच्या, नाव न पाहणाऱ्या परीक्षेनेच गरिबाच्या मुलाला न्याय मिळतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यातून शिष्यवृत्ती परीक्षा किंवा बोर्डाच्या गुणांच्या बळावर पुढे गेलेल्यांना हे पटवून द्यावे लागत नाही. म्हणूनच बोर्ड बंद करा, असे मी म्हणत नाही. उलट निवाडा पूर्णपणे बाहेरच्या परीक्षेवर सोपवावा आणि शाळेच्या हातातले वीस गुण बेरजेतून काढावेत, असे माझे मत आहे. २०१९ चा निर्णय घाईचा होता पण दिशेने चूक नव्हता, फक्त तो देशातल्या सगळ्या मंडळांनी एकदम घ्यायला हवा होता. शिक्षकाच्या निरीक्षणाला गुणांची किंमत लावली नाही, की त्यात पक्षपात करून कोणाचा फायदा होत नाही. मग खोटे लिहायचे कारणही राहत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाची चूक वेगळी काढणे कठीण, हे खरेच. पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांचे दुखणे उलटे आहे. पट दहा-पंधरा-वीस, शिक्षक दोन, वर्ग चार किंवा पाच एकत्र. पट कमी म्हणून या शाळा धोक्यात आहेत आणि ती चिंता खरी आहे, तरी नेमक्या याच शाळांत शिक्षकाला प्रत्येक मूल ओळखीचे असते. ‘असर’चे वाचनाचे साधन एका पानाचे आहे : अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. मूल शेजारी बसवून तोंडी तपासायला काही मिनिटे लागतात. पंधरा मुले एका सकाळी होतात, आणि वर्गवार न बसवता पातळीवार बसवायचे तर बहुवर्ग शाळेइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण तिथे सगळे वर्ग आधीच एका खोलीत आहेत. अडचण आहे ती या माहितीच्या पुढच्या प्रवासाची.

शाळा सोडल्याचा दाखला हाती घेऊन पाहावा. नाव, आईचे नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शाळेत दाखल झाल्याची तारीख, आणि शेवटाकडे दोन छोटे रकाने : अभ्यासातील प्रगती आणि वर्तणूक. दोन्हींत बहुधा ‘चांगली’. वाडीवरच्या शाळेत चौथी-पाचवी केलेले मूल देवरूखच्या हायस्कुलात येते तेव्हा हा दाखला येतो, फार तर गुणपत्रक येते. वर्षाच्या मध्येच वडिलांच्या नोकरीमागे विरार-नालासोपाऱ्याला गेलेल्या मुलाची ऑनलाइन नोंद आता सरकारी पोर्टलवरून नव्या शाळेकडे सरकते, पण त्याला काय येते ते सरकत नाही. चार वर्षे त्याच्याजवळ बसलेल्या शिक्षकाला जे ठाऊक आहे, ते त्या शिक्षकाची बदली झाली की नाहीसे होते, आणि नव्या शाळेतले सर पहिली घटक चाचणी होईपर्यंत चाचपडत राहतात. दाखल्याला अर्ध्या पानाची एक पुरवणी जोडता येईल : सलग काय वाचता येते, स्वतःच्या मनाने किती ओळी लिहिता येतात, चार क्रियांपैकी कुठवर पोचले आहे, सध्या कशात अडखळते, आणि काय केल्यावर उलगडते. तिच्यात गुण, श्रेणी, टक्का काही असू नये, शाळेच्या कोणत्याही तक्त्यात ती मोजली जाऊ नये, आणि तिची एक प्रत आईच्या हाती द्यावी. अशाने मुलावर कायमचा शिक्का बसेल, ही धास्ती रास्त आहे. म्हणून ती पेन्सिलीने लिहिल्यासारखी तात्पुरती हवी, तारीख घातलेली, आणि नव्या शाळेने सत्र संपताना ती फाडून आपली नवी लिहावी. खर्च एका कागदाचा आहे. देवरूखच्या गटशिक्षण कार्यालयाला जिल्ह्याची किंवा राज्याची वाट न पाहता येत्या जूनपासून आपल्या तालुक्यापुरती ही पुरवणी करून पाहता येईल, फक्त किती शाळांनी ती भरली याचा अहवाल कोणी मागू नये.